चिलखतातले सांगाडे: डंजन्स अँड ड्रॅगन्सचं मोफत नियमपत्रक आणि त्याला लागणारी घरची जोड

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा भूमिकांचा खेळ. त्याच्या प्रकाशकांनी, विझर्ड्स ऑफ द कोस्टने, जानेवारी २०२३ मध्ये त्याचं नियमपत्रक, सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त वापराच्या परवान्याखाली खुलं केलं. ४०३ पानांची पीडीएफ, किंमत शून्य. सोलापुरात नवा गट बसवायचा असेल तर महागडी पुस्तकं मागवण्याआधी ही उतरवून घ्या आणि झेरॉक्सच्या दुकानातून चिलखतांचा तक्ता आणि राक्षसांची पानं तेवढी काढून घ्या. खेळ सुरू करायला हे भरपूर आहे. हे परीक्षण मात्र त्यातल्या एकाच कोपऱ्याचं: चिलखत घातलेले मुडदे.

इथे पत्रक तोकडं पडतं. सांगाड्याचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १३, हिट पॉइंट (किती इजा सोसतो तो आकडा) १३. झोंबीचे ८ आणि २२. वाइट या जास्त ताकदवान मुडद्याचे १४ आणि ४५. ॲनिमेटेड आर्मरला १८ मिळतो खरा, पण तो मुडदा नाही, कन्स्ट्रक्ट म्हणजे जादूने चालणारी वस्तू आहे. क्लेरिकची, म्हणजे पुजारी पात्राची, मुडद्यांना पळवून लावणारी टर्न अनडेड ही शक्ती त्याच्यावर चालत नाही. भुईकोट किल्ल्याच्या दोन तटांमधल्या अरुंद जागेत मेलेल्या शिपायांची पोलादी तुकडी उभी करायची म्हटली, तर तयार राक्षस नाही. राक्षसाचं सामान बदललं तर ते त्याला सरावाचं आहे की नाही हे तुम्हीच ठरवा, एवढं सांगून पत्रक हात झटकतं.

मग बहुतेक डीएम (खेळ चालवणारे) सांगाड्याला सरळ प्लेट, म्हणजे अंगभर पोलादी चिलखत, चढवतात, आर्मर क्लास १८ होतो आणि लढत रखडते. पहिल्या पातळीच्या योद्ध्याचा वार सहसा +५ असतो, म्हणजे फाशावरच्या आकड्यात ५ मिळवायचे. आर्मर क्लास १३ असताना २० बाजूंच्या फाशावर ८ पुरतात, म्हणजे ६५ टक्के वार लागतात. १८ झाला की १३ लागतात, म्हणजे ४० टक्केच. सेक्रेड फ्लेमसारखा मंत्र आर्मर क्लासकडे बघतच नाही, त्यामुळे क्लेरिकला काही फरक पडत नाही आणि योद्धा मात्र फेरीमागून फेरी 'हुकला' ऐकत बसतो.

आमच्या मते यावर सर्वांत चांगला घरचा नियम असा. वाराची बेरीज १३ किंवा जास्त आली, पण चिलखताच्या आकड्यापेक्षा कमी पडली, तर वार हुकला नाही, चिलखताने अडवला. दर अडवलेल्या वाराला आर्मर क्लास १ ने उतरवा. गदा किंवा हातोडा असेल तर २ ने. १३ च्या खाली नेऊ नका. +५ च्या योद्ध्याला फाशावर ८ ते १२ आले की कड्या उडतात आणि १३ पासून हाड मोडतं. दोन्ही मिळून पुन्हा तेच ६५ टक्के. लढत लांबते, पण त्यातला कुठलाही चांगला फासा वाया जात नाही.

सांगाड्याला बोथट शस्त्राने दुप्पट इजा होते, ती चिलखत आहे म्हणून काढून टाकू नका. ही चूक फार दिसते. चिलखताखाली जाड कापडाचा थर असतो, धक्का तो झेलतो. थडग्यात तो केव्हाच कुजलेला असतो आणि खाली मांसही नसतं. गदेचा दणका थेट हाडावर बसणार. आकड्यांतही हेच पटतं: गदेच्या १ डी ६ अधिक ३ (सहा बाजूंचा एक फासा अधिक ३) इजेची दुप्पट केली की निम्म्या वेळा एकाच फटक्यात १३ हिट पॉइंट संपतात. दुप्पट काढली तर साधारणपणे किमान दोन फटके लागतात.

चिलखताच्या तक्त्यातली ताकदीची अट वाचायला विसरू नका. चेन मेलला (कड्यांच्या चिलखताला) १३ ताकद लागते, प्लेटला १५. सांगाड्याची १० आहे, म्हणून दोन्हींत त्याचा वेग ३० वरून २० फुटांवर येतो. हे छानच आहे. खेळाडूंना पळता येतं, त्यांच्या धनुर्धाऱ्याला अंतर मिळतं. झोंबीची ताकद १३, चेन मेल त्याला पेलतं, तरीही देऊ नका. आर्मर क्लास ८ वरून १६ वर जातो, ९० टक्के लागणारे वार ५० वर येतात, आणि वर अनडेड फॉर्टिट्यूड आहेच: शेवटचा वार ८ इजेचा असला तरी झोंबी ५५ टक्के वेळा १ हिट पॉइंटवर उभा राहतो. कंटाळ्याची याहून खात्रीची कृती नाही.

प्लेट शोभते ती वाइटला. त्याची ताकद नेमकी १५ आहे, वेग घटत नाही. पण साध्या शस्त्राची इजा त्याला निम्मीच होते. १ डी ८ अधिक ३ च्या तलवारीने १८ आर्मर क्लासवर ४५ हिट पॉइंट उतरवायला सरासरी तीसच्या वर वार लागतील. गटाकडे चांदीचा मुलामा दिलेलं किंवा जादूचं शस्त्र नसेल तर हा वाइट आणूच नका.

चिलखती सांगाड्याचं चॅलेंज रेटिंग (राक्षस किती अवघड तो आकडा) १/४ वरून १/२ करा, १ नको. पाचव्या पातळीचा क्लेरिक डिस्ट्रॉय अनडेडने १/२ पर्यंतचे मुडदे नष्ट करतो. १ केलंत तर त्याचा हक्काचा क्षण जातो. हीट मेटल या धातू तापवणाऱ्या मंत्राची इजा पूर्ण द्या, पण तापलेल्या धातूमुळे वारावर येणारं डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आलेला धरणं) देऊ नका, कारण हाडांना वेदना नाही.

मांडणीला खर्च नाही. शहाबादी फरशीवर खडूने एक-एक इंचाचे चौकोन आखा, एक चौकोन ५ फूट. फोडलेले चिंचोके सांगाडे: तपकिरी बाजू वर म्हणजे चिलखत शाबूत, पांढरी म्हणजे १३ वर आला. प्लेटवाल्याशेजारी तुरीचे पाच दाणे ठेवा आणि उतरलेल्या दर आकड्याला एक उचला. पहिल्या पातळीच्या चार पात्रांपुढे असे दोनच ठेवा.