पुण्यात खाऱ्या पाण्याचा रीफ टँक: तिन्ही ऋतू काढल्यानंतरचा अनुभव

"पुण्यात कुठे समुद्र आहे?" हे ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने विचारून झालंय. समुद्र लांब असणं हा या छंदातला सगळ्यात किरकोळ प्रश्न. टँकसाठीचं समुद्री मीठ बादलीत भरून मिळतं. इथे खरा कस लागतो तो नळाच्या पाण्याशी, एप्रिलच्या उन्हाशी आणि गुरुवारशी. रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे पाळायचा टँक, लावून वर्ष होत आलं, उन्हाळा-पावसाळा-हिवाळा सगळं बघून झालं, म्हणून आता सविस्तर लिहितो.

टँक ७५ × ४० × ४० सेंटीमीटरचा, भरल्यावर साधारण ११० लिटर पाणी. काच, दगड, वाळू, स्टँड धरून वजन पावणेदोनशे किलोच्या घरात जातं, त्यामुळे हॉलच्या मधोमध नको, भिंतीला लागून, बीमच्या जवळ ठेवा. मागे टांगायचा स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारा), दोन छोटे वेव्हमेकर (पाणी फिरवणारे पंप), निळा-पांढरा एलईडी, १०० वॅटचा हीटर आणि ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारा पंप). सम्प, म्हणजे खालचा फिल्टरचा जादा टँक, घेतला नाही. लाइटवर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण सॉफ्ट कोरलला (दगडी सांगाडा नसलेल्या मऊ प्रवाळांना) मध्यम प्रकाश पुरतो. टायमर लावून आठ तास, विषय संपला.

आता पाणी. आमच्याकडे सिंहगड रोडला महापालिकेचं पाणी येतं, पण मार्च उजाडला की सोसायटी टँकर मागवते. खडकवासल्याच्या पाण्यात क्षार कमी. टँकर मात्र बहुतेक वेळा बोअरचा, विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला की आकडा कितीतरी पटीने वर. स्वयंपाकघरातला आरओ पुरेल असं दुकानदार छातीठोकपणे सांगतात. नाही पुरत. बऱ्याच घरगुती आरओमध्ये चव राहावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं. टँकला लागतं शून्य टीडीएसचं पाणी, म्हणजे आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा कॅनिस्टर हवाच. रंग बदलणारं रेझिन घ्या, संपत आलं की डोळ्याला दिसतं. टँकरच्या दिवसांत ते फार भरभर संपतं, म्हणून मी पालिकेचं पाणी सुरू असतानाच दोन ड्रम भरून ठेवतो. आरओमधून वाया जाणारं पाणी फरशीला आणि संडासाला. पाणीकपातीच्या शहरात हा छंद करताना एवढी लाज बाळगायला हवी.

"अलिबागहून पाच-सहा कॅन भरून आण की" असा सल्लाही मिळेल. कोकण किनाऱ्याचं पाणी गढूळ, पावसाळ्यात नद्या-खाड्यांच्या गोड्या पाण्याने खारटपणा पडलेला, वर बोटींचं डिझेल. मीठ परवडलं. लिटरमागे साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ पडतं, आठवड्याला १० टक्के पाणी बदलतो, त्या हिशोबाने २० किलोची बादली पहिल्या भरण्यासकट आठ-नऊ महिने जाते. खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटरच घ्या, काटा फिरणारा प्लॅस्टिकचा हायड्रोमीटर बुडबुडे चिकटले की वाटेल तो आकडा दाखवतो. आणि रिफ्रॅक्टोमीटरचं शून्य साध्या पाण्यावर लावण्यापेक्षा ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणावर तपासा, आपल्याला मोजायचं तिथेच आहे.

उन्हाळ्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण परदेशी व्हिडिओत हे सापडत नाही. कोरलना २५-२६ अंश बरं वाटतं. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि बंद घरातला टँक दुपारी ३१ अंशांवर सहज जातो. चिलर महाग आणि खोलीतच गरम हवा फेकणारा, तो घेतला नाही. पाण्यावर तिरके वारा मारणारे दोन छोटे पंखे लावले, तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं. पुण्याचा उन्हाळा कोरडा असल्यामुळे बाष्पीभवन जोरात होतं आणि त्यावरच हे सगळं चालतं, मुंबईच्या दमट हवेत हेच पंखे अर्धंही काम करणार नाहीत. मे संपताना वळवाचे ढग येतात, हवा दमट होते पण उकाडा तसाच, ते दिवस सगळ्यात वाईट. तेव्हा लाइटची वेळ संध्याकाळी सरकवली आणि दुपारी त्या खोलीचे पडदे ओढून ठेवले. एवढ्यावर निभावलं.

पंख्यांची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. वाफ होऊन जातं ते गोडं पाणी, मीठ मागेच राहतं. एप्रिलमध्ये दिवसाला दोन-अडीच लिटर उडतं. दोन दिवस लक्ष दिलं नाही तर ३५ पीपीटी ३६ च्या वर जातं. म्हणून ऑटो टॉप-ऑफ ही चैन नाही, स्किमरच्याही आधी घेण्याची वस्तू आहे. त्याचा सेन्सर मात्र आठवड्याला पुसा. एकदा गोगलगाय बरोबर सेन्सरवर जाऊन बसली, त्याला वाटलं पाणी भरपूर आहे, आणि पंप दिवसभर चालूच झाला नाही. आता सेन्सरभोवती जाळीचा तुकडा गुंडाळलाय.

हिवाळ्याचं काही नाही. रात्री थंडी पडते, हीटर चालतो, बिल थोडं वाढतं.

गुरुवार. पुणेकरांना सांगायला नको: वीज दुरुस्तीसाठी बंद, आणि बऱ्याचदा त्याच दिवशी पाणीही बंद. वीज गेल्यावर माशांचा जीव जातो तो गारव्याने किंवा उन्हाने कमी आणि ऑक्सिजन संपल्याने जास्त, कारण पाण्याची हालचाल थांबते. त्यामुळे एक वेव्हमेकर घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतलाय. तो खातो जेमतेम पाच-सहा वॅट, रात्रभर चालला तरी इन्व्हर्टरला पत्ता लागत नाही. हीटर त्या लाइनवर चुकूनही नको. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर एसी करंटवरचे पंप घरघरतात आणि तापतात, साइन वेव्ह असेल तरच लावा. शिवाय बॅटरीवर चालणारा हवेचा पंप कपाटात असू द्या.

आता कायद्याचं, कारण दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सगळे हार्ड कोरल (दगडी सांगाडा असलेले) घातले गेले. सोबत समुद्री घोडे, सी फॅन, समुद्री काकड्या आणि ऑर्गन पाइप कोरलसुद्धा. शिक्षा ३ ते ७ वर्षांची. "चालतं हो साहेब, सगळे ठेवतात" असं म्हणत मला एका दुकानात ब्रेन कोरल, म्हणजे हार्ड कोरलच, दाखवला गेला, मी तसाच बाहेर पडलो. समुद्रातून उचललेला 'लाइव्ह रॉक' हाही बहुतेक कोरलचा सांगाडाच, म्हणून मी सिरॅमिकचे बनवलेले दगड घेतले. सुरुवातीला ते पांढरेफटक, बाथरूमच्या टाइलसारखे दिसतात. सहा-सात महिन्यांत त्यांच्यावर कोरलाइन शेवाळाचे जांभळे ठिपके धरायला लागले, आता निम्मे झाकलेत.

माझ्याकडे झोअँथिड, मशरूम आणि एक टोडस्टूल लेदर आहे, सगळे दगडी सांगाडा नसलेले. हार्ड कोरल नसल्याचा फायदा असा की सांगाड्यासाठी लागणारं कॅल्शियम, अल्कॅलिनिटीचे क्षार रोज घालत बसावं लागत नाही, आठवड्याच्या पाणीबदलात भागतं. लेदरने सुरुवातीला घाबरवलं होतं. मधूनच तो सगळे पॉलिप (फुलांसारखी छोटी तोंडं) आत ओढून घेतो, अंगावर मेणचट, चकाकणारा पापुद्रा येतो, आणि चार-पाच दिवस मेल्यासारखा पडून राहतो. मग वेव्हमेकरच्या झोतात तो पापुद्रा कडेपासून सुटत जातो, चिंधीसारखा फडफडतो, निघून जातो, आणि खालून ताजा, आधीपेक्षा थोडा मोठा लेदर उघडतो. ही त्याची कात टाकण्याची पद्धत. हात लावू नका, फक्त प्रवाह पुरेसा ठेवा.

झोअँथिड मात्र हातमोजे घालूनच हाताळा. काही जातींत पॅलिटॉक्सिन असतं, जबरदस्त विष. डोळ्याला हात लावायचा नाही, आणि झोअँथिड चिकटलेला दगड साफ करायला उकळायचा तर अजिबातच नाही, वाफेतून श्वासात जातं. लहान मुलांच्या घरात हे आधी ठरवा.

माशांआधी महिना-दीड महिना नुसतं पाणी फिरत राहतं. अमोनियाचा नायट्राइट, नायट्राइटचा नायट्रेट करणारे जिवाणू वाढायला तेवढा वेळ लागतोच. अमोनिया बाटलीतला घाला, त्यासाठी जिवंत डॅमसेल मासे मारू नका. मग तपकिरी डायटम शेवाळ सगळीकडे पसरतं, मग केसांसारखं हिरवं शेवाळ. घरच्यांनी याच काळात "पैसे पाण्यात" हा विनोद करून घेतला. गोगलगाई आणि धीर, दुसरा उपाय नाही.

मासे मोजून तीन: क्लाऊनफिशची जोडी आणि एक फायरफिश, शिवाय एक क्लीनर श्रिंप. क्लाऊन हॅचरीतलेच घ्या. भारतात त्यांचं प्रजनन चांगलं होतं, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने (सीएमएफआरआय) तंत्र बसवूनही बरीच वर्षं झाली. समुद्रातून पकडलेल्यांपेक्षा ते चिवट असतात आणि पहिल्या दिवसापासून गोळी खातात. दोन लहान घेतले की त्यातला दांडगा आपोआप मादी होतो, जोडी ओळखत बसावं लागत नाही. फायरफिश उडी मारतो, वर जाळी हवी. मँडरिन मासा कितीही देखणा दिसला तरी एवढ्या टँकमध्ये उपाशी मरतो, टँग हे मोठ्या टँकचे मासे, त्यांचं तर नावच काढू नका. आणि माशांवर रोगाचे पांढरे ठिपके आले म्हणून तांब्याचं औषध मुख्य टँकमध्ये ओतलंत तर श्रिंप आणि गोगलगाई गेल्याच समजा. औषधासाठी प्लॅस्टिकचा वेगळा टब ठेवा.

खर्च? सगळं मिळून साठ हजारांच्या आसपास गेले, त्यात जिवंत गोष्टींचा वाटा चौथ्या हिश्श्याहून कमी. जिथे हात आखडता घ्यायचा तिथे मासे-कोरल कमी घ्या, आरओ-डीआय आणि टॉप-ऑफवर नको. टँक, स्टँड, वेव्हमेकर सेकंड हँड बिनधास्त घ्या, छंद सोडणारे पुण्यात भरपूर आहेत. हीटर मात्र नवाच. आणि तांब्याचं औषध कधी पडलंय का हे विकणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याचे वापरलेले दगड-वाळू घेऊ नका, फुकट दिले तरी.