समुपदेशक प्रशिक्षणात ऑनलाइन सेवा-अध्ययन: एका पूर्ण सत्राच्या वापरानंतर

सेवा-अध्ययन म्हणजे प्रत्यक्ष सेवा देता देता शिकणं; इथे समुपदेशनाचे प्रशिक्षणार्थी शाळकरी मुलांना करिअर निवडीबद्दल ऑनलाइन मार्गदर्शन करतात. रचना साधी आहे. प्रत्येक प्रशिक्षणार्थीकडे १४ ते १७ वयाची चार मुलं, प्रत्येकाशी व्हिडिओ कॉलवर ४५ मिनिटांच्या सहा भेटी, दर भेटीनंतर लेखी मनन आणि आठवड्यातून एकदा गटात देखरेख. सत्रभर वापरल्यावर आमचं मत असं की कॉल हा यातला सोपा भाग आहे. खरा कस लागतो कॉल संपल्यावर.

आधी कलचाचणी, कारण सगळे तिच्यावरच उडी मारतात. ओ-नेट या अमेरिकी सरकारच्या व्यवसाय-माहितीच्या संकेतस्थळावरची इंटरेस्ट प्रोफायलर ही चाचणी मोफत आहे. तिच्या लघु आवृत्तीत ६० कामं दिली आहेत, मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी मांडलेल्या आवडींच्या सहा प्रकारांना प्रत्येकी दहा. ‘स्वयंपाकघरातली कपाटं बनवणं’ आवडेल का, असे प्रश्न. ज्या मुलानं ते काम कधी पाहिलंच नाही, ते ‘सांगता येत नाही’वर टिचकी मारून पुढे जातं. मग सहाही प्रकारांचे गुण जवळजवळ सारखे येतात आणि प्रशिक्षणार्थी एका-दोन गुणांच्या फरकावरून ‘तू संशोधक प्रकारातला’ असं जाहीर करून मोकळा होतो. हे साफ चूक आहे. सपाट निकालाचा अर्थ बहुतेकदा इतकाच, की मुलानं अजून पुरेशी कामं पाहिलेली नाहीत. अशा वेळी गुणांचा तक्ता बाजूला ठेवावा, ‘खूप आवडेल’ असं उत्तर आलेली दोन-तीन कामं घ्यावीत आणि त्यात नेमकं काय आवडेल ते विचारावं. ओ-नेटवरचे पगार आणि शिक्षणाच्या अटी अमेरिकेतल्या आहेत, हे मुलाला पहिल्याच मिनिटाला सांगितलेलं बरं.

चाचणीपेक्षा जास्त हाती लागतं ते खोडलेल्या पर्यायांमधून. मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसननं १९८१ मध्ये मांडलं, की कुठलं काम मुलांचं, कुठलं मुलींचं आणि कुठलं प्रतिष्ठेचं, या कल्पनांवरून मुलं बरेचसे व्यवसाय चौदाव्या वर्षाआधीच यादीतून काढून टाकतात. म्हणून दुसऱ्या भेटीत ‘काय व्हायचंय?’ याऐवजी ‘कुठली कामं तुझी नाहीतच असं वाटतं, आणि कशावरून?’ हा प्रश्न ठेवावा. मुलं यावर भरभरून बोलतात.

आता मनन. ‘काय घडलं, त्याचा अर्थ काय, पुढे काय’ ही तीन प्रश्नांची चौकट चांगली आहे, पण मोकळी सोडली की ‘खूप शिकायला मिळालं’ छापाची पानं येतात. त्यावर एक अट लागू पडली: मुलाचं एक वाक्य जसंच्या तसं, त्यावर आपण दिलेलं उत्तर, आणि आता सुचणारं दुसरं उत्तर, एवढं लिहायचंच. उदाहरणार्थ:

‘ताई, आई म्हणते डॉक्टर हो. तुम्हीच सांगा ना, काय करू?’
दिलेलं उत्तर: ‘डॉक्टर होणं चांगलंच आहे की! फक्त अभ्यास खूप करावा लागेल हं.’
नंतर सुचलेलं: ‘आईनं काही सुचवलंच नसतं, तर तुझ्या यादीत काय काय असतं?’

पहिल्या उत्तरानं संभाषण तिथेच मिटलं, हे कागदावर पाहिल्याशिवाय कळत नाही. देखरेखीच्या तासाला या तीन ओळी पुरतात. अख्खं रेकॉर्डिंग कुणी पाहत बसत नाही.

गुणांकनातही एक खोच आहे. ‘मुलाचा निर्णय झाला’ याला गुण दिले, की प्रशिक्षणार्थी मुलाला निर्णयाकडे ढकलू लागतात. करिअर-विकासाचे अभ्यासक डोनाल्ड सुपर यांच्या मांडणीत व्यवसायाच्या शोधाचा टप्पा साधारण १५ ते २४ वयापर्यंत चालतो. सहा भेटींत तो आटोपण्याचं कारण नाही. गुण द्यायचे ते प्रश्नांच्या दर्जाला.

ऑनलाइन असल्यामुळे येणारी मोठी अडचण म्हणजे खोलीतला तिसरा माणूस. कॅमेऱ्याबाहेर पालक बसलेले असतील, तर मूल त्यांना पटेल तेच बोलतं. हेडफोन हवेतच, कारण मग समोरचा प्रश्न फक्त मुलालाच ऐकू जातो. सुरुवातीला ‘आत्ता जवळ कुणी आहे का?’ असा हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न विचारावा आणि नाजूक विषय चॅटवर घ्यावा. कॅमेरा सुरू ठेवण्याची सक्ती नको; घर दिसू नये म्हणून तो बंद असतो, अनास्थेमुळे नाही.

पालकांची लेखी संमती, गोपनीयतेच्या मर्यादा, रेकॉर्डिंग कधी पुसणार, हे पहिल्या भेटीआधी ठरायला हवं. दर कॉलच्या आरंभी मूल कुठे आहे आणि जवळच्या मोठ्या माणसाचा नंबर काय, हे टिपून ठेवावं. मुलानं जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल काही बोलावं आणि नेमका तेव्हाच कॉल तुटावा, असं झालं तर ही एक ओळच उपयोगी पडते.

तांत्रिक बाजू थोडक्यात. मुलं मोबाइलवर असतात. स्क्रीन शेअर केली की त्यांना चेहरे नखाएवढे दिसतात आणि तक्ता तर वाचताच येत नाही. एका स्लाइडवर तीनच व्यवसाय, मोठी अक्षरं, आणि दोन मिनिटांत शेअरिंग बंद.

आम्हाला सर्वांत खटकलं ते वेळापत्रक. भेटी संपतात प्रशिक्षण संस्थेचं सत्र संपतं म्हणून, मुलाचं काम झालं म्हणून नव्हे. त्यामुळे निरोपाची सूचना चौथ्या भेटीतच द्यावी आणि पाचव्या भेटीत शेवटची दहा मिनिटं शाळेतल्या शिक्षकांना कॉलवर घ्यावं. मुलाच्या हाती एक पान द्यावं: पुढच्या महिन्यात करायच्या दोन गोष्टी, त्या क्षेत्रात काम करणाऱ्या एखाद्याला विचारायचे पाच प्रश्न, आणि अडलं तर कुणाकडे जायचं त्यांचं नाव. हे पान मुलानं स्वतःच्या अक्षरात लिहावं आणि त्याचा फोटो शिक्षकांकडे ठेवावा.