मुंबईतलं रेशन: केशरी कार्ड आहे, पण धान्य मिळतं का?

मुंबईच्या शिधावाटप सेवेचं परीक्षण करायचं तर दुकानाच्या काउंटरला बरे गुण द्यावे लागतात. अंगठा घेऊन धान्याची नोंद करणारं ई-पॉस मशीन आल्यापासून कुणाच्या नावावर किती धान्य उचललं ते लपत नाही. जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्यातलं धान्य मोफतही आहे. खरी अडचण काउंटरच्या अलीकडे आहे, पात्रता ठरते तिथे.

आधी एक घोळ दूर करू. कार्डाचा रंग म्हणजे धान्याचा हक्क नव्हे. १९९९ साली राज्यात तीन रंग आले: वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, त्याहून जास्त असेल तर पांढरं. नंतर २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा आला आणि त्याने धान्यासाठी दोनच गट ठेवले. अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाला महिन्याला कार्डामागे ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. अंत्योदयात एकट्या विधवेलाही ३५ किलोच आणि सात जणांच्या घरालाही ३५ किलोच. प्राधान्यात मात्र चौघांना २० किलो आणि आठ जणांना ४०. प्रत्येक केशरी कार्ड या गटांत बसतंच असं नाही, त्यामुळे एकाच चाळीतल्या दोन केशरी कार्डांपैकी एकावर धान्य मिळतं, दुसऱ्यावर मिळत नाही. कार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे का ते बघा. शिक्का पुसट असेल तर बारा अंकी आरसी नंबर, म्हणजे रेशनकार्डाचा नंबर, टाकून ऑनलाइन तपासा. तिथे दिसणारी नोंदच खरी धरली जाते.

आता उत्पन्नाची मर्यादा. प्राधान्यात बसायला ग्रामीण भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ४४ हजारांच्या आत हवं, शहरात ५९ हजारांच्या आत. बाराने भागलं तर शहरातल्या अख्ख्या घराचे महिन्याला जेमतेम ४,९०० रुपये होतात. पाच माणसं असतील तर माणशी हजार रुपयेही नाहीत. शिवाय हीच मर्यादा एखाद्या लहान नगरपरिषदेच्या गावालाही आहे आणि मुंबईलाही. नवरा नाक्यावर बिगारी, बायको चार घरची धुणीभांडी करते, अशा घराचं उत्पन्न सहज या रेषेच्या वर जातं. त्यातून खोलीचं भाडं दिल्यावर हातात काय उरतं, हे नियम विचारत नाही. मुंबईसाठी हा आकडा चुकीचा आहे, हे स्पष्टच म्हणायला हवं.

बरं, मर्यादेत बसलात तरी धान्य लगेच सुरू होईलच असं नाही. आड येतो तो इष्टांक, म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं याची ठरलेली कमाल संख्या. कायद्याने राज्याच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के आणि शहरीपैकी ४५.३४ टक्के लोकांना धान्य मंजूर केलं, तेही २०११ च्या जनगणनेवर. एकूण सुमारे ७ कोटी लाभार्थी. जुनी नावं कमी झाली की मगच नव्यांना जागा. म्हणून ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर मिळालं तर ते तुम्ही अपात्र आहात असं समजू नका. अर्ज मागे घेऊ नका, पोच जपून ठेवा आणि दर काही महिन्यांनी विचारत राहा.

प्रदेश बदलला की नियम कसा बदलतो ते राज्यातच दिसतं. मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा, अशा १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत प्राधान्यात न बसलेल्या केशरी शेतकऱ्यांनाही २०१५ पासून स्वस्त धान्य मिळायचं. २०२३ पासून त्याऐवजी खात्यात रोख रक्कम जमा होऊ लागली, सुरुवातीला माणशी महिना १५० रुपये. धाराशिवच्या शेतकऱ्याला हे लागू, पण हद्दीपलीकडच्या बार्शीतल्या, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या, शेतकऱ्याला नाही. दुष्काळ दोघांच्याही रानात सारखाच असतो. राज्याबाहेर फरक आणखी मोठा. तामिळनाडूने रेशन सर्वांसाठी खुलं ठेवलं आहे. केरळात पिवळं, गुलाबी, निळं आणि पांढरं असे चार रंग आहेत.

परराज्यातून किंवा गावाकडून मुंबईत आलेल्यांसाठी ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही या व्यवस्थेतली सगळ्यात उपयोगी सोय आहे. बिहारचं असो की रत्नागिरीचं, अन्नसुरक्षेतलं कार्ड मुंबईतल्या कुठल्याही रेशन दुकानात चालतं. आरसी नंबर किंवा आधार नंबर सांगायचा आणि अंगठा द्यायचा. मात्र तुमच्या राज्याने स्वतःच्या पैशातून दिलेली डाळ, तेल वगैरे इथे मिळत नाही. दुसरी गोष्ट, घरातला कुणीही एक जण अंगठा देऊन सगळ्यांचं धान्य उचलू शकतो. मुंबईतल्या मुलाने पूर्ण कोटा घेतला तर गावी आईच्या वाट्याला त्या महिन्यात काही उरत नाही. मशीनवर वाटा तोडून घेता येतो, दुकानदाराला ‘आमच्या दोघांचंच द्या’ असं आधीच सांगा. घाईने कार्ड मुंबईला बदलून घेऊ नका. इथे पात्रता नव्याने तपासली जाते आणि इष्टांक नसेल तर प्राधान्य हातचं जाण्याचा धोका असतो.

नवं कार्ड काढायचं तर मुंबईत तहसीलदाराकडे नव्हे, आपल्या भागाच्या शिधावाटप कार्यालयात जावं लागतं. नवीन कार्डाला नमुना १, नाव वाढवायला नमुना ८, कमी करायला नमुना ९. कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीचं नाव लागतं. लग्न होऊन आलेल्या सुनेचा अर्ज बहुतेक वेळा एकाच कारणाने अडतो: माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला सोबत नसतो. तो आधी आणा, मग रांगेत उभे राहा.

धान्य मधेच बंद पडण्यामागे बहुधा राहिलेलं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, असतं. ते कार्डाचं नाही, कार्डातल्या प्रत्येक माणसाचं करायचं असतं. धुणीभांडी आणि सिमेंटच्या कामाने बोटांचे ठसे झिजतात, मशीन ते ओळखत नाही. अशा वेळी डोळ्यांचं स्कॅन किंवा ‘मेरा ई-केवायसी’ अॅपवरून चेहऱ्याची पडताळणी मागा. मुलांचे बायोमेट्रिक ५ आणि १५ व्या वर्षी आधार केंद्रात नव्याने द्यावे लागतात, हे राहिलं की त्यांचं युनिट, म्हणजे त्यांच्या वाट्याचं धान्य, अडकतं.

दुकानातून छापील पावती घेतल्याशिवाय निघू नका. त्यावरचे किलो आणि पिशवीतले किलो जुळले नाहीत तर तिथेच पुन्हा वजन करायला सांगा. दुकानदार ऐकत नसेल तर १९६७ वर तक्रार करा. दुसऱ्या राज्याच्या कार्डाबद्दल अडवणूक होत असेल तर १४४४५ वर. तक्रार करताना पावतीवरचा आरसी नंबर आणि तारीख सांगा.