पुण्यात शिकायला येताय? विद्यापीठाचं वसतिगृह की बाहेरची खोली

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एम.ए. किंवा एम.एस्सी.ला प्रवेश झाला की घरात पुढचा विषय निघतो तो राहण्याचा. वसतिगृहाचा अर्ज भरायचा, मैत्रिणी मिळून औंध-पाषाणकडे फ्लॅट घ्यायचा, की सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, जागा बघायची? मी वसतिगृहातही राहिले आहे आणि फ्लॅटवरही. माझा कल वसतिगृहाकडे आहे, पण तो सगळ्यांनाच मानवेल असं नाही.

पैशांचं आधी सांगते, कारण त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही. वसतिगृह स्वस्त पडतं. फ्लॅट म्हटला की अनामत आली, एजंटचे पैसे आले, अकरा महिन्यांचा करार आला. मग लाइटबिल, सिलिंडर, वायफाय आहेच. समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींसाठी स्वाधार योजना आहे. त्यात पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरवले गेले होते. बाहेर राहावं लागणार असेल तर तिची चौकशी जरूर करा.

खरा फरक पडतो तो सोबत कोण राहतं यात. फ्लॅटवर आपण माणसं निवडतो, आणि ती बहुतेक आपल्याच तालुक्यातली, आपल्यासारखीच निघतात. वसतिगृहात यादी लागते आणि शेजारची कॉट कुणाची हे ऑफिस ठरवतं. एक अहिराणी बोलणारी, एक लातूरची. एकीचा ‘नेट’ या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा अभ्यास रात्री दोनपर्यंत दिवा लावून, तर दुसरी भरतीच्या तयारीसाठी पहाटे पाचला पळायला जाणारी. दिव्यावरून खटके उडतातच. फ्लॅटवर अशा वेळी कुणीतरी सामान उचलून दुसरीकडे जातं. वसतिगृहात खोली बदलायची तर रेक्टरकडे अर्ज करा, कारण द्या, वाट बघा. म्हणून शेवटी बोलावंच लागतं. आवाज न चढवता आपली अडचण सांगणं आणि समोरचीची ऐकून घेणं मी तिथे शिकले, आणि आज नोकरीत मला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

दुसरी गोष्ट आपण उघडपणे बोलत नाही. खोली बघायला गेलं की अनेक ठिकाणी आधी आडनाव विचारतात, मग ‘नॉनव्हेज चालणार नाही’ सांगतात. काही मुलींना आडनाव सांगितल्यावर जागा अचानक ‘गेलेली’ असते. वसतिगृहात जागा नियमाने मिळते, कुणाच्या मर्जीने नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, तेव्हा सगळ्या जातींची पोरं एकत्र राहतील, एकत्र जेवतील हाच त्यांचा आग्रह होता. शंभर वर्षं झाली तरी एका ताटलीत चिवडा खाताना ही गोष्ट मला मोठी वाटते.

आजारपणाचंही तसंच. मला डेंग्यू झाला तेव्हा जिच्याशी जेमतेम ओळख होती अशी शेजारच्या खोलीतली मुलगी दवाखान्यात रात्रभर बसली होती. घरचे पोचेपर्यंत बाकीच्यांनी पाळ्या लावून घेतल्या.

आता फ्लॅटची बाजू. घर चालवणं तिथेच कळतं: महिन्याचा हिशेब, गळका नळ, घरमालकाशी बोलणी. वसतिगृहात यातलं बरंचसं कळतच नाही. फ्लॅटवर एकांतही मिळतो, वसतिगृहात तो जवळपास नसतोच. शिफ्टची नोकरी करत शिकणाऱ्या मुलीला गेटची वेळ जाचक होते. पथ्याचं जेवण लागणाऱ्यांनाही मेसवर भागवणं अवघड जातं. एमपीएससी हेच मुख्य ध्येय असेल तर क्लास आणि अभ्यासिका पेठांमध्ये आहेत. गणेशखिंडीतल्या विद्यापीठातून रोज बसने ये-जा करण्यात वेळ घालवू नका, कॉट घ्या. आणि गर्दीत ज्यांचं मन खरोखर कोमेजतं, त्यांनी ‘सवय होईल’ म्हणून स्वतःवर जबरदस्ती करू नये.

रॅगिंगची भीती पालक हमखास बोलून दाखवतात. महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे. त्रास झालाच तर पहिल्याच दिवशी लेखी तक्रार द्या, तोंडी सांगून थांबू नका.

माझा सल्ला विचाराल तर निदान पहिलं वर्ष वसतिगृहात काढा. फ्लॅट दुसऱ्या वर्षीही घेता येतो, आणि तोवर कुणाबरोबर राहायचं हेही कळलेलं असतं. पहिल्या यादीत नाव नसेल तर लगेच अकरा महिन्यांच्या करारावर सही करू नका, अनामत अडकते. महिन्याच्या बोलीवर कॉट घ्या आणि वसतिगृहाच्या ऑफिसात फेऱ्या मारत राहा. प्रवेश रद्द होतात, जागा सुटतात, आणि पुढच्या यादीत नाव लागलं तर पैसे भरायला फार दिवस देत नाहीत. कागदपत्रं आणि फी तयार ठेवा.