चोवीस तासांची बाई की केअर सेंटर?

आईला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होऊन सहा वर्षं झाली. साडेतीन वर्षं, सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोकडची चोवीस तासांची बाई घरी होती, गेली अडीच वर्षं आई केअर सेंटरमध्ये आहे. दोन्हीकडचं पाणी पिऊन झालंय, म्हणून लिहितोय.

खर्चाचं कोष्टक मांडत नाही. बाईचा पगार, जेवणखाण, ब्युरोचं कमिशन, डायपर सगळं धरलं तर आमच्याकडे दोन्ही आकड्यांत एकोणीस-वीसचाच फरक निघाला. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून मिळणारं आयुष्मान कार्ड हॉस्पिटलात भरती केल्यावर ५ लाखांपर्यंत कामाला येतं. रोजच्या सांभाळण्याला नाही, ना इथे ना तिथे.

घर ते घर, यात वाद नाही. ज्यांचं डोकं शाबूत आहे आणि फक्त गुडघे गेलेत, त्यांना घरीच ठेवा म्हणेन. बाईचे खाडे काय, होतच असतात.

आमचं गाडं अडलं ते पाटल्यांपाशी. दिवेलागणीला आईचा जीव कासावीस व्हायचा; या आजारात ती वेळ बऱ्याच जणांना जड जाते. मी ऑफिसातून येऊन बूट काढतोय तोच, ‘हिने माझ्या पाटल्या घेतल्या.’ पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये. एकदा बाईने रडत रडत स्वतःची पिशवी माझ्यापुढे उलटी केली. कंगवा, गोळ्यांची पट्टी, मुलाचा फोटो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग आईला समजवा, बाईची माफी मागा, बायकोने दोघींना चहा करून द्यायचा. रोज. डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, विषय बदला. बदलला. चार मिनिटांत पुन्हा पाटल्या. सात बायका बदलल्या, त्यातल्या पाच तरी या आळापायी गेल्या. आणि मला आईचाच राग यायला लागला. एका रात्री इतका ओरडलो की वरच्या मजल्यावरचे काका दार वाजवून गेले. (अमेरिकेतला भाऊ दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ‘आई छान दिसतेय’ म्हणायचा, ते वेगळंच.)

पाटल्या ती सेंटरमध्येही मागते. पण तिथली मुलगी सहाला बोलणी खाते आणि आठला पाळी संपवून घरी जाते. मी बुधवारी-रविवारी जातो, केळं भरवतो, नखं कापतो. राग येत नाही.

उणंही आहेच. आमटी सपक, भेटीच्या वेळा ठरलेल्या. मावशीने विचारलं, ‘ठेवलंस का शेवटी आईला?’ त्यातलं ‘ठेवलंस’ अजून टोचतं. निघताना आई ‘मीपण येते’ म्हणत चपला शोधते. गाडीत बसल्यावर मला बराच वेळ किल्ली फिरवता येत नाही. घरी हे नव्हतं.

तुमच्याकडचं वेगळं असू शकेल. बाई टिकली असेल, संशयाचा त्रास नसेल, तर हलवूच नका. पण घरात रोज कोर्ट भरत असेल, तर आधी पंधरा दिवसांसाठी विचारून बघा. काही सेंटरं तेवढ्यापुरतंही घेतात. जागा बघायला दिवेलागणीला जा, सकाळी सगळीच छान दिसतात. आणि गाऊनवर नाव दोऱ्याने शिवा. पेनाने लिहिलेलं दोन-तीन धुण्यांत जातं. आमची आई महिनाभर कुणा दुसऱ्याच आजींच्या गाऊनमध्ये होती.