गाडीतला फ्रिज: यंत्राला पाच तारे, वायरीला शून्य

हा 45 लिटरचा 12 व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज घ्यायचा असेल तर खुशाल घ्या. पण सोबत येणारी सिगरेट लायटरची वायर घेऊन कच्च्या रस्त्याला जाऊ नका. वजन, वॉट, लांबी-रुंदी खोक्यावर छापलेली असते, ती पुन्हा लिहीत बसत नाही. मला त्या वायरीच्या टोकाच्या पिनेबद्दलच लिहायचंय, कारण तिच्यापायी आमच्या पाच जणांचं अन्न वाळवंटात फेकावं लागलं.

जुलैच्या शाळेच्या सुट्टीत आम्ही मेलबर्नहून निघालो. मिल्डुरा, बर्रा, मॅरी आणि तिथून ऊडनाडाटा ट्रॅक हा वाळवंटातला लांबलचक कच्चा रस्ता. गाडीत आम्ही दोघं, दोन मुली आणि सांगलीहून आलेल्या सासूबाई. दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरताना यांबाच्या नाक्यावर फळमाशीच्या नियमामुळे फळं, टोमॅटो, मिरच्या पुढे नेता येत नाहीत, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणून सगळी भिस्त फ्रिजवर होती: परतलेलं वाटण, पनीर, हवाबंद पाकिटातलं चिकन, दूध, दही, इडलीचं पीठ. मॅरी सोडलं की विल्यम क्रीकपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर दुकान म्हणून नाही, आणि विल्यम क्रीकलाही काही किराणा भरता येत नाही.

या रस्त्यावर पत्र्याच्या छपरासारख्या सलग वळ्या असतात. टायरची हवा कमी केली तरी गाडी तासन् तास थरथरत राहते. लायटरच्या सॉकेटमध्ये ती पिन नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर बसते. पुढचं टोक स्प्रिंग बाहेर ढकलत असतं, बाजूच्या पट्ट्या धरून ठेवतात. थरथर सुरू झाली की पिन केसभर मागे सरकते आणि वीज तुटते. फ्रिज बंद पडला की साधा आवाजसुद्धा करत नाही.

कावर्ड स्प्रिंग्जला मुक्काम केला त्या रात्री दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर भागलं, फ्रिज उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशी काटी थांडा-लेक आयर हे खारं सरोवर पाहून संध्याकाळी विल्यम क्रीकला पोचलो आणि झाकण उघडलं, तर आत 17 अंश. चिकन, पनीर, दूध सगळं गेलं. सासूबाईंनी घरी विरजण लावून सांभाळून आणलेलं दहीही गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, “अगं, पोरींना उद्या काय घालायचं?” मला त्या क्षणी फ्रिज तिथेच सोडून यावंसं वाटत होतं.

पिन चिकटपट्टीने आवळून पुढे निघालो. मागे बसलेल्या धाकटीला हिरव्या दिव्यावर लक्ष ठेवायचं काम दिलं. आता पिन जागची हलत नव्हती, तरी फ्रिज मधूनच बंद पडायचा आणि लाल दिवा लुकलुकायचा. यंत्रच भिकार आहे, असं मी त्या रात्री टिपून ठेवलं होतं.

ते मत कूबर पीडीला बदललं. तिथल्या एका इलेक्ट्रिशियनने मीटर लावला. बॅटरीपाशी 12.5 व्होल्ट, पण कॉम्प्रेसर सुरू होताना फ्रिजपाशी जेमतेम 11.3. मधला जवळपास सव्वा व्होल्ट त्या बारीक, लांब वायरीत आणि सैल पिनेत खर्च होत होता. पिनेचं टोकही तापून काळं पडलेलं. फ्रिजमधलं बॅटरी-संरक्षण ‘हाय’वर असतं, म्हणजे गाडीची मूळ बॅटरी उतरून गाडी अडकू नये. त्याला वाटायचं बॅटरी संपली, म्हणून तो स्वतःला बंद करायचा. यंत्र आपलं काम चोख करत होतं! त्या भल्या माणसाने बॅटरीपासून डिकीपर्यंत फ्यूजसकट जाड वायर टाकली आणि टोकाला 50 अँपिअरचा अँडरसन प्लग, म्हणजे थरथरीत न निसटणारा घट्ट जोड, बसवला. वायर घेताना एक जपा: इथे ‘6 मिमी’ म्हणून विकतात तिच्यात तांबं साधारण साडेचार चौरस मिमी असतं, ‘6 बी अँड एस’मध्ये (हे वायरीच्या जाडीचं वेगळं माप) साडेतेरा. नावं सारखी वाटतात, तांबं जवळपास तिप्पट.

त्यानंतर उलुरूपर्यंत आणि परत येईपर्यंत फ्रिज एकदाही बंद पडला नाही. युलाराला रात्री तंबूबाहेर ठेवलेल्या बाटलीत बर्फ झाला, फ्रिजमधलं दूध मात्र तीन अंशांवर जसंच्या तसं. जानेवारीत मरी नदीकाठी चाळिशीच्या उन्हातही पीठ आंबून वर आलं नाही. तळाशी जास्त गार असतं, दही तिथे ठेवलं तर गोठतं. कॉम्प्रेसरच्या वरच्या उथळ कप्प्यात दही, भाजी, पीठ ठेवा.

दुकानाशी भांडण अनेक आठवडे चाललं. आधी “कंपनीशी बोला”, मग “खराब रस्त्यावर वापरलात”. आउटबॅकचे, म्हणजे इथल्या वैराण अंतर्भागाचे, फोटो छापून विकलेली वस्तू आउटबॅकमध्ये वापरायची नाही, तर कुठे? ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यानुसार वस्तू ज्या कामासाठी विकली त्या कामाला योग्य असायला हवी आणि ती जबाबदारी विकणाऱ्याचीही असते, कंपनीकडे बोट दाखवून टळत नाही. हे लेखी कळवलं, मीटरचे आकडे आणि काळ्या पडलेल्या पिनेचा फोटो जोडला. शेवटी वायर आणि मजुरीचे दोनशे दहा डॉलर मिळाले. वाया गेलेल्या अन्नाचं काहीच नाही, आणि ते मला अजून पटलेलं नाही. साडेआठशे डॉलर घेणाऱ्या कंपनीला खोक्यात वीस-तीस डॉलरची धड वायर टाकता येत नाही?

यंत्राचे पाच तारे मी कापणार नाही. चौघा-पाच जणांना 45 लिटर पुरतो, सोबत पाण्याच्या बाटल्यांना वेगळी बर्फाची पेटी ठेवा. खरेदी करतानाच अँडरसन प्लगची वायर त्याच पैशांत मागा, आणि नाही म्हणाले तर दुसऱ्या दुकानात विचारा.