‘साहेब, बसून तर बघा’: ऑफरोड सीटच्या नावाखाली मला काय विकलं

सीट विकणारा सगळ्यात आधी एकच गोष्ट सांगतो, "साहेब, बसून तर बघा." आपण बसतो. पाठीला दोन्ही बाजूंनी घट्ट धरल्यासारखं वाटतं, मांड्यांखाली भरीव लागतं, शिलाई सरळ असते, कापड जाड असतं. अर्धा सौदा तिथेच होतो. लबाड विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून बसून, चाचपून, दाबून जे कळतं ते तो नीट बनवून घेतो. कात्री लागते ती त्याखाली, जिथे गिऱ्हाइकाचा हात पोचत नाही.

माझी गाडी फोर बाय फोर पिकअप. तिच्या मूळ सीटा रस्त्यासाठी उत्तम होत्या. पण गाडी एका अंगावर कलली की त्या सपाट सीटवरून माणूस दाराकडे घसरतो आणि स्वतःला सावरायला स्टिअरिंगलाच लटकतो. जे स्टिअरिंग हलक्या हाताने चालवायचं, त्यालाच धरून बसायची वेळ येते. म्हणून बाजूने धरणाऱ्या, हादरे गिळणाऱ्या सस्पेन्शन सीटा हव्या होत्या. या प्रकारात बैठकीखाली फोमच्या ठोकळ्याऐवजी पाइपच्या चौकटीवर ताणलेली पट्ट्यांची किंवा दोऱ्यांची झोळी असते आणि फोम तिच्यावर बसतो. धक्का बसला की आधी झोळी दबते, मग फोम.

दुकानात जी सीट दाखवली ती खरी होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अख्ख्या फसवणुकीची मेख तिथेच आहे. तिच्यावर लेबल होतं, वजन होतं, खालून झोळी दिसत होती. "हाच माल, फक्त तुमच्या रंगात शिवून देतो," असं ठरलं. गाडी त्याच्याकडे ठेवायची, त्याने सीटा बसवून द्यायच्या, रेसिंग बेल्ट वरून फुकट, आणि जुन्या सीटा त्याने ‘एक्स्चेंज’मध्ये घ्यायच्या. गाडी परत मिळाली तेव्हा रंग तोच, भरतकाम तेच, शिलाईही तीच. खाली काळं कापड स्टेपल करून गच्च बंद केलेलं. "धूळ जाऊ नये म्हणून," म्हणाला.

सुरुवातीला तक्रारीला जागाच नव्हती. मग लांबच्या कच्च्या रस्त्यावर कंबर धरायला लागली. धक्का बसला की ढुंगणाखाली काहीतरी कडक लागायचं. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "नवीन आहे साहेब, फोम सेट व्हायला वेळ लागतो." हे वाक्य लक्षात ठेवा. चांगला फोम वापराने थोडा मऊ होतो हे खरं, पण तळाला टेकणं म्हणजे ‘सेट होणं’ नव्हे. माणसाचं शरीर उभ्या हादऱ्यांना साधारण ४ ते ८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४ ते ८ वेळा हलणाऱ्या, पट्ट्यात सर्वाधिक हळवं असतं. आयएसओ २६३१ या मानकात हादऱ्यांचं मोजमाप करताना याच पट्ट्याला जास्त महत्त्व दिलेलं आहे. खराब रस्त्यावर गाडीतून येणारे बरेचसे हादरे नेमके याच सुमाराचे असतात, आणि चुकीच्या फोमची सीट ते कमी करण्याऐवजी वाढवूही शकते. दुकानातल्या फरशीवर यातलं काहीही जाणवत नाही. तिथे सोफासुद्धा ऑफरोड वाटेल.

कंबरेचं दुखणं मी कदाचित खपवूनही घेतलं असतं. पण एका उभ्या चढावर लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये) गाडी चढत असताना पुढचं चाक दगडावरून आपटलं आणि सीट माझ्यासकट मागे सरकली. ब्रेकवरचा पाय सुटला, हात स्टिअरिंगपासून लांब गेले. शेजारी बसलेल्या मित्राने हँडब्रेक ओढला. गाडी थांबली, आम्ही दगड लावले आणि तिथून हळूहळू उलटे उतरलो.

सीट उघडली ती दुसऱ्याच गॅरेजमधल्या एका मिस्त्रींनी. त्यांनी आधी सीट दोन्ही हातांनी धरून जोरात हिसडली आणि विचारलं, "साहेब, ह्याला लॉक एकाच बाजूला आहे, ठाऊक आहे का?" सीट पुढे-मागे सरकवणाऱ्या स्लायडरच्या दोन रेलपैकी एकाच रेलला खाचेत बसणारा दात होता. दुसरी रेल नुसती सोबतीला. अशी सीट तिरकी ताणली गेली की एकुलता एक दात खाचेतून उडी मारतो. दोन्ही रेल लॉक होणारे स्लायडर मिळतात आणि ऑफरोड गाडीत तेच हवेत.

मग बोल्ट निघाले. डोक्यावर काहीच कोरलेलं नाही. चांगल्या पोलादी बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा दर्जा आणि बनवणाऱ्याची खूण असते. कोऱ्या डोक्याचा बोल्ट शेल्फ लावायला ठीक. त्यांच्याखाली, गाडीच्या फरशीला, साधे छोटे वायसर. फरशीचा पत्रा त्यांच्याभोवती वाटीसारखा खोलगट ओढला गेला होता आणि एका भोकाच्या कडेला बारीक चीर सुरू झाली होती. मोटरस्पोर्टमध्ये एफआयए या आंतरराष्ट्रीय संस्थेचा नियम असा की सीटला किमान चार ठिकाणी, कमीत कमी ८ मिलिमीटरच्या बोल्टने धरायचं, आणि फरशीच्या बाजूने प्रत्येक ठिकाणी निदान ४० चौरस सेंटिमीटरची प्लेट द्यायची. आपण शर्यतीत उतरत नसलो तरी पत्रा फाटायचा तसाच फाटतो. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस २०७ या साध्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या नियमातही सीटने स्वतःच्या वजनाच्या २० पट जोर पुढच्या आणि मागच्या दिशेने सहन केला पाहिजे असं आहे. आमचे वायसर त्यातला किती सोसणार होते, ते पत्र्यानेच सांगितलं.

खालचं काळं कापड सोडवलं तेव्हा मिस्त्री हसले. मला हसू आलं नाही. झोळी नव्हतीच. आडव्या प्लायवूडच्या फळीवर पॅकिंगचा पांढरा फोम, त्यावर तुकडे चिकटवून बनवलेला रंगीबेरंगी रिबॉन्ड फोम, आणि सगळ्यात वर बोटभर चांगला फोम. त्या वरच्या थरावरच आपण दुकानात बसतो. ‘हाय डेन्सिटी’ या शब्दाला तर या बाजारात अर्थच उरलेला नाही. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन, कडकपणा ही वेगळीच गोष्ट. अंगठ्याने दाबून कडक लागला म्हणून तो घन ठरत नाही, आणि खडूसारखी भुकटी मिसळून वजनही वाढवता येतं. आणखी एक गोष्ट कोणी विचारत नाही: गाडीच्या आतलं साहित्य किती वेगाने जळतं यालाही मर्यादा असते. एफएमव्हीएसएस ३०२ मध्ये ती मिनिटाला १०२ मिलिमीटर आहे. टीव्हीच्या खोक्यातल्या पांढऱ्या फोमची अशी चाचणी कोणी केलेली नसते.

चौकट रंगवलेली झकास होती. मिस्त्रींनी सांध्यावरचा रंग खरवडला तर खाली पुट्टी. पुट्टीखाली वेल्डिंगचे नुसते टाके, पाइपच्या पूर्ण घेरावर सांधा नाहीच. पाठीच्या पाइपला बाक दिला होता तिथे तो आतून चेपला होता. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच. टोकाची प्लास्टिकची टोपी काढली की पाइपची जाडी कॅलिपरने मोजता येते. नाहीतर दाखवलेली सीट आणि मिळालेली सीट दोन्ही वजनकाट्यावर ठेवा. शिवणारा कारागीर सगळी नक्कल करतो, वजनाची नक्कल त्याला महाग पडते.

आता लेबल. दाखवलेल्या सीटवर एफआयए ८८५५-१९९९ या शर्यतीच्या सीटांच्या मानकाचं लेबल होतं. माझ्या सीटांवर त्याच लेबलाचा छापील स्टिकर, दोन्ही सीटांवर एकच क्रमांक. खऱ्या लेबलावर मानकाचा क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, मान्यता क्रमांक आणि तारखेची माहिती असते. मान्यता मिळालेल्या सीटांच्या याद्या एफआयए स्वतः जाहीर करते, त्या कोणालाही पाहता येतात, आणि तो क्रमांक तिथे त्याच मॉडेलसमोर असावा लागतो. शिवाय या मानकाच्या सीटची मुदत बनल्यापासून ५ वर्षं. म्हणजे ‘शर्यतीतून उतरवलेली, पण एकदम ओरिजिनल’ म्हणून मिळणारी सीट ओरिजिनल असूनही मुदतबाह्य असू शकते. स्टिकरच्या शेजारी युरोपातल्या मान्यतेची खूण म्हणून वर्तुळात ‘ई’ छापलेला होता. त्या ‘ई’पुढे आकडा लागतो, कुठल्या देशाने मान्यता दिली त्याचा: १ म्हणजे जर्मनी, ११ म्हणजे ब्रिटन. माझ्या ‘ई’ला आकडाच नव्हता. बिचारा कुठल्याच देशाचा नाही.

फुकटच्या बेल्टांबद्दल मला सीटपेक्षा जास्त राग आहे, कारण सीटने कंबर मोडली असती, या बेल्टांनी मणका. चार पट्ट्यांचे हार्नेस होते आणि खांद्यावरच्या पट्ट्या सीटमागून सरळ खाली फरशीला बांधलेल्या. टक्कर झाली की शरीर पुढे जातं, आणि अशा बांधलेल्या पट्ट्या खांद्यांना खाली दाबतात. तो सगळा भार कण्यावर येतो. खांद्याच्या पट्ट्या मागे जाताना आडव्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा खाली जाऊ नयेत आणि शक्यतो १० अंशांच्या आत असाव्यात, असं एफआयए सांगते. म्हणजे त्या बांधायला सीटमागे खांद्याच्या उंचीला भक्कम आडवा बार हवा. तो नसेल तर हार्नेस घ्यायचाच नाही. दोन पायांमधून येणारी पट्टी नसली की खांद्याच्या पट्ट्या कमरेचा बेल्ट वर पोटावर ओढतात आणि माणूस त्याखालून घसरतो, हे आणखी वेगळं. आणि रोल केज (गाडी उलटली तर टप दबू न देणारा पाइपांचा पिंजरा) नसलेल्या गाडीत हार्नेसने ताठ बांधून घेतलं तर टप दबल्यावर डोकं बाजूला न्यायची सोय राहत नाही. माझ्या बेल्टवर तारीखही नव्हती. एसएफआय १६.१ या शर्यतीच्या बेल्टांच्या अमेरिकी मानकाचा हार्नेस बनल्यापासून २ वर्षांनी बदलायचा किंवा पट्टे नव्याने घालून प्रमाणित करून घ्यायचा असतो. तारीखच नसेल तर मोजणार कुठून? पट्टा सामान बांधायच्या पट्ट्यासारखा होता, टोकाला शिवणीची एकच ओळ.

सगळ्यात गुपचूप केलेला उद्योग मात्र वायरिंगमध्ये सापडला. मूळ सीटच्या दाराकडच्या कडेत एअरबॅग असते. तिची पिवळी जोडणी सीटखाली असते. सीट काढली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो, लागायलाच हवा. माझा दिवा लागला नव्हता, कारण त्या पिवळ्या जोडणीत रेझिस्टर (विजेला अडवणारा छोटा सुटा भाग) खोचून टेप गुंडाळलेली होती. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतंय बॅग जागेवर आहे. शेजारच्या सीटमधला वजनाचा सेन्सरही गेला, ज्याच्यावर समोरची एअरबॅग उघडायची की नाही हे ठरतं. सीट बदलल्यावर यातलं काय जाणार आहे हे गिऱ्हाइकाला आधी सांगणं हे विक्रेत्याचं काम आहे. त्याने दिवा विझवला आणि गप्प बसला.

फोटो घेऊन त्याच्याकडे गेलो तेव्हा आवाज चढला नाही, उलट चहा आला. बिल बघा म्हणाला. बिलावर लिहिलं होतं: ‘सीट कव्हर व फिटिंग’. सीट हा शब्द कव्हरला चिकटूनच काय तो होता. वॉरंटी कापडाच्या शिलाईवर, आणि शिलाई तर कुठेच उसवली नव्हती. जुन्या सीटा परत मागितल्या तर त्या ‘गेल्या’. कुठे गेल्या ते सांगायची त्याची तयारी नव्हती, आणि एअरबॅगसकट चांगल्या अवस्थेतल्या कंपनीच्या सीटांना वापरलेल्या सुट्या भागांच्या बाजारात काय भाव असतो हे मला नंतर कळलं. सौद्यात त्याने खरा नफा तिथे कमावला होता. म्हणून मूळ सीटा कोणालाही देऊ नका, घरात अडगळ झाली तरी चालेल. आणि पैसे मोजायच्या आधी बिलावर सीटचा मेक, मॉडेल, लेबलवरचा क्रमांक, स्लायडर आणि बोल्टचा दर्जा लिहून घ्या. जो लिहून देणार नाही त्याला तोंडी काहीही विचारायची गरज नाही.

लेखी तक्रार केली, मिस्त्रींकडून उघडलेल्या सीटचं निवेदन आणि तारखेसह फोटो जोडले. बेल्ट ‘भेट’ असल्यामुळे त्याचं काही देणं लागत नाही असं उत्तर आलं आहे. सीटांचं प्रकरण चालू आहे.

दरम्यान गाडीला सीटा लागणारच होत्या. या वेळी फोनवरच विचारलं, खालचं कापड काढून दाखवाल का? दोघांनी विषय बदलला. तिसऱ्याने सीट टेबलावर उलटी ठेवूनच दाखवली, झोळीचे दोर ढिले झाले की कुठून आवळायचे तेही सांगितलं. मी हार्नेसबद्दल विचारलं तर त्याने गाडीत डोकावून पाहिलं, केज नाही म्हणाला, आणि विकला नाही. गाडीचा मूळ तीन ठिकाणी धरणारा बेल्ट कमरेवर नीट खाली बसतो की सीटच्या उंच कडांवर अडकून पोटावर चढतो, हे त्याने मला बसवून, बेल्ट लावून, बोट घालून तपासलं. एक मॉडेल त्यातच बाद झालं. दिसायला तेच सगळ्यात देखणं होतं.